मागच्या रांगेचं ऐकणारा माधव

माधव गेल्याचं मला चारठाण्यात कळलं ते जिंतूरच्या मोटारीच्या कंडक्टरकडून. "परभणीचे माधव वैद्य वारले म्हणं, पहाटं," एवढं सांगून तो पुढच्या उतारूकडे वळला. मी ओट्यावर गुळवेल कापत बसलो होतो. कापतच राहिलो... किती कापली, कळलं नाही. आता महिना होत आला. लोक त्याच्या हातगुणाबद्दल बोलतात, ते खरंच आहे. पण मला आठवतो तो निजामाच्या राजवटीतला माधव, आमच्या जिल्ह्यातल्या वैद्यांच्या मंडळाचा तरुण चिटणीस.

मंडळाच्या सभा परभणीला, अध्यक्ष अण्णासाहेबांच्या माडीवर भरायच्या. अण्णासाहेब लोडाला टेकून बोलत, संस्कृत वचनं सांगत. पाथरी, सेलू, मानवतकडचे वैद्य मागच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसत आणि गाडीची वेळ झाली की हळूच उठून जात. माधव गावोगाव पत्रकं पाठवायचा. उत्तर कोणाचं येत नसे. "नाना, मी विहिरीत वाकून ओरडतोय," तो मला म्हणायचा, "माझाच आवाज माघारी येतो." अण्णासाहेब वाईट नव्हते. पण सभेला परवानगी लागे, सभेत अंमलदाराचा माणूस येऊन बसे, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर मंडळच बंद पडेल ही भीती त्यांना कायम असे. सगळं ठीक आहे असं म्हणण्याची त्यांच्या जिभेला सवयच लागली होती.

त्या हिवाळ्यातली सभा अशीच संपली. आम्ही दोघं मानवतच्या शिवाप्पा वैद्यांना पोचवायला स्टेशनाकडे निघालो. शिवाप्पा लिंगायत घरातले, वयानं आमच्यापेक्षा मोठे, मोजकं बोलणारे. अर्धा रस्ता गेल्यावर ते थांबले. "माधवराव, आमच्या पेठंत उंदीर पडायलेत. ज्वारीच्या बखारीत. लय पडायलेत."

माधवचा चेहरा उतरला. "मग आत का बोलला नाहीत?"

"तिथं इचारलं कोणी? आन् मलाबी वाटलं, आपल्याच पेठंतलं असंल. उगं बोभाटा कशाला..."

उंदीर पडणं म्हणजे प्लेग, हे आमच्यातल्या कोणाला सांगायची गरज नव्हती. आधी उंदीर, मग माणसं. गावं उठून रानात झोपड्यांत राहिलेली आम्ही लहानपणी पाहिली होती. माधव तसाच माघारी माडीवर गेला. अण्णासाहेबांनी ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, "तहसीलदार म्हणतात रोगराई नाही. आपण आहे म्हणायचं आणि उद्या काही निघालं नाही तर? पुढच्या सभेत विषय घेऊ."

माधवला पुढच्या सभेपर्यंत धीर निघाला नाही. तो मला घेऊन मानवतला गेला. बाजार भरला होता, हमाल पोती उचलत होते, कुठं काही वावगं दिसत नव्हतं. फक्त बखारींच्या गल्लीत मांजरं नव्हती आणि वास येत होता. शिवाप्पांच्या घरी पोचलो तर ते पडवीत घोंगडी पांघरून बसलेले. आम्ही पायरी चढायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. "तितंच थांबा. मला ताप हाय." मग काखेकडे बोट केलं. गाठ आली होती... दोन रोगी त्यांनी आधीच हाताळले होते.

माधव अंगणात उभा राहिला. शिवाप्पाच म्हणाले, "मी एकट्यानं सांगून पेठ उठायची न्हाई. समद्यांला हितं बोलवा. मी हाय तवर बोलवा."

परभणीला येऊन तो अण्णासाहेबांपुढे उभा राहिला. "मंडळ या खेपेला मानवतला बसेल. तुम्ही या. नाहीतर माझं चिटणीसपण तुमच्यापाशीच ठेवा." परवानगी नव्हतीच. तरी अण्णासाहेब आले. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, रोगी वैद्य असल्यामुळे आले.

गावाबाहेर कडुलिंबाखाली सगळे जमिनीवर बसलो. शिवाप्पांना बाजेवर आणून थोड्या अंतरावर ठेवलं होतं. माधवनं अण्णासाहेबांना हात जोडून सांगितलं, "आज तुम्ही शेवटी बोला." मग मागं बसलेल्या पाथरीच्या वैद्यांना त्यानं विचारलं, "तुमच्याकडं काय?" ते चाचरले. "आमच्याकडं बी पडायलेत... पण थोडेच." मग सेलूचे बोलले. मग नदीकाठच्या गावांचे. एकेक जण खाली मान घालून तेच सांगत होता. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्याच गावात आहे, आणि माडीवर कोणी काही बोलत नाही म्हणजे बाकी ठिकाणी काही नसेल. ऐकता ऐकता अण्णासाहेबांचं पान चघळणं थांबलं. बाजेवरून शिवाप्पांचा जाड झालेला आवाज आला, "ऐकलं का अण्णासाहेब? आता तुमी बोला."

अण्णासाहेब उठून उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले, "आपापल्या गावी जा, आणि मंडळाच्या नावानं सांगा, घरं सोडा."

बरीच गावं वेळेवर रानात गेली. मानवतची पेठ मात्र बखारी सोडवेनात म्हणून उशिरा उठली, आणि तो उशीर फार महाग पडला. ज्या गल्लीत आम्ही पोती उचलणारे हमाल पाहिले होते, तिथं पुढं दारांना कड्या लावायलाही माणसं उरली नाहीत. शिवाप्पा पेठ उठण्याआधीच गेले. माधवला कचेरीत बोलावणं आलं. "अफवा फैलाते हो?" एवढंच विचारून त्याला दिवसभर आवारात उन्हात बसवून ठेवलं. संध्याकाळी सोडलं तेव्हा तो मला म्हणाला, "नाना, शिवाप्पांनी मला रस्त्यात सांगितलं. रस्त्यात... ते माडीवर बोलू शकले असते तर?"

राजवट गेली, अण्णासाहेब गेले, माधव स्वतः अध्यक्ष झाला. सभा मग फिरत्या झाल्या, कधी पूर्णेला, कधी जिंतूरला, आणि तो सगळ्यांत शेवटी, थोडंच बोलायचा. घरी मात्र रस्त्याकडची खोली दिवसभर उघडी असे. खेड्यावरून आलेलं कोणीही तिथं येऊन बसे.

तेराव्याला मी त्याच खोलीत टेकायला गेलो. आत एक तरुण वैद्य बसलेला होता. पूर्णेकडून आला होता, धुळीनं भरलेला. माधव गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला.

"मग आता कोणाला सांगू?"

"काय झालंय?"

"न्हाई... म्हंजे आमच्या वाडीतली दोन घरं एकदम आजारी पडलीत. हिरीच्या पाण्याचं असंल, नसंल. उगं बोभाटा नको म्हणून..."

आतल्या घरात पंगत बसत होती, मला हाका येत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर सतरंजीवर बसलो.

"सांग," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग."