सात वाट्यांची साखळी

माझा मुलगा माझं ऐकत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतेय. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर तो जर्मनमध्ये देतो आणि करतो ते तिसरंच. "स्वेटर घाल" म्हटलं की बाह्या वर सारतो. स्टुटगार्टच्या चढावरच्या आमच्या घरात तेवीस वर्षं हेच चाललंय. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा चांगला सहा फूट दोन इंच.

तर हा घडा कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात शिरला. पहिला सामना बघायला मी आणि माझा नवरा हौसेने गेलो. बघतो तर आमचा लेक मैदानाच्या मधोमध ओणवा उभा, आणि स्वतःच्या दोन पायांमधून चेंडू मागच्याच्या हातात देतोय. दिला रे दिला की समोरचा धिप्पाड माणूस ह्याच्या अंगावर. ह्याला सेंटर म्हणतात. चेंडू घेऊन पळणारे वेगळे, टाळ्या त्यांना. हा नुसता ओणवा. एवढ्यासाठी मी ह्याला दोन्ही वेळेला वरणभातावर तूप घातलं.

नियम मला नवऱ्याने समजावला. नवरा जर्मन आहे, नियम समजावायला त्याला आवडतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांना. त्याच्या शेवटच्या वर्षी आमच्या संघाची गत अशी, की तीन प्रयत्नांत नऊ यार्ड व्हायचे आणि चौथ्याला नेमका एक उरायचा. एक यार्ड म्हणजे तीन फूट. माझा ओटा त्याहून लांब आहे. पण तो एक यार्ड काही केल्या मिळायचा नाही. आमची पोरं कॉम्प्युटरवाली, काटकुळी, आणि समोरच्यांचे खांदे म्हशीसारखे. भगदाड पडायचं ते दर वेळी माझ्या लेकाच्या शेजारी, आणि मग सगळे त्याच्याकडे बघायचे. शनिवारी तो घरी यायचा, मळके कपडे मशीनला लावायचा आणि त्या फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बसायचा. परीक्षा झाली होती, हॅनोव्हरला नोकरी ठरली होती, आणि एकच सामना उरला होता. त्यात तरी तो यार्ड त्याला हवा होता. आणि मला, खोटं कशाला बोलू, तो हॅनोव्हरला जायच्या आत त्याने एकदा, फक्त एकदा, माझं ऐकायला हवं होतं.

आता हे सांगायला हवं की मी सांगलीची आहे आणि कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. इथे ऑफिसात कुणाला हे माहीत नाही, मी गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करते एवढंच माहीत आहे. कबड्डीत चढाईला आलेलीला फक्त एक नख मधल्या रेषेला लावायचं असतं. नखाने सामने गेलेत आमचे. एकेकटीने अंगावर धावून गेलं की ती निसटते. शेजारणीचा हात धरून, पावलाला पाऊल लावून सगळ्या एकदम हलल्या, की मग तिचं काही चालत नाही. ह्याला साखळी म्हणतात. ह्यांचा तो यार्ड मी पाचसहा सामने बघितला आणि मला कळून चुकलं, की ही पोरं शेजारी शेजारी उभी राहतात, पण एकत्र उभी राहत नाहीत.

शेवटच्या सामन्याआधीच्या शनिवारी मी त्याच्यापुढे मिसळणाचा डबा ठेवला आणि सातही वाट्या टेबलावर काढल्या.

"किती आहेत?"

"झीबन," तो जर्मनमध्ये म्हणाला. सात.

"आणि तुमच्या पहिल्या रांगेत माणसं किती?"

त्याने वाट्या पुन्हा मोजल्या. रांगेतही सातच असतात. मधली वाटी हळदीची, म्हणजे तो. दोन्हीकडे जिरं आणि मोहरी. "जिऱ्याचं पाऊल हळदीच्या पावलामागे अडकव," मी म्हटलं, "मोहरीचं ह्या बाजूने. मेथीला उचलून ह्या टोकाला आण, एक बाजू जड होऊ दे, समोरचे गोंधळतील. बाकीच्यांनी खांद्याला खांदा. आणि सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा. बघू कोण आत येतं ते."

नवऱ्याने नियमपुस्तक छापून, भोकं पाडून, फोल्डरला लावलेलं होतं. ते घेऊन तो आला. "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणाला, "सेंटरच्या पायात पाय अडकवायला परवानगी आहे. हात धरायला नाही. पाच यार्डांचा दंड."

"हात न धरता साखळी? मग काय डोळ्यांनी धरायची?" मी भडकले. "कोणी केले रे हे नियम? कधी माणसात राहिलेत का?"

"आई. हातांशिवाय," मुलगा जर्मनमध्ये म्हणाला. ह्या वाक्यातलं 'आई' तेवढं मराठी. मग त्याने वाट्यांचा फोटो काढला, ट्रेनरला पाठवला आणि तो कपडे वाळत घालायला गेला.

शेवटच्या सामन्याला मी मैदानाच्या टोकाच्या कुंपणाला चिकटून उभी होते. त्या दिवशीचा पहिला 'चौथा प्रयत्न' आला, एक यार्ड बाकी. आमची सात जणं रांगेत आली आणि मेथी चालत ह्या टोकाला आली. समोरचे एकमेकांकडे बघायला लागले. अगं बाई, माझा मिसळणाचा डबा मैदानात उभा! चेंडू मागे गेला, साखळी एका अंगाने पुढे सरकली आणि यार्ड मिळाला. एक नाही, दोन मिळाले. कुंपणापलीकडून पोरं "केटे, केटे" म्हणून ओरडायला लागली, म्हणजे साखळीच.

"त्याने माझं ऐकलं!" मी नवऱ्याचा दंड पिळला.

"ट्रेनरचं ऐकलं," नवरा म्हणाला. "ट्रेनरने तुझं ऐकलं."

ह्यावर मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. साखळी आणखी दोनदा चालली. शेवटी घड्याळात काही सेकंद उरले, आम्ही थोडक्यात मागे, आणि चेंडू माझ्या समोरच्याच टोकाला, शेवटच्या रेषेपासून बरोबर एक यार्डावर. चौथा प्रयत्न. रेष ओलांडली की जिंकलो, नाहीतर संपलं. सात वाट्या पुन्हा रांगेत बसल्या. आणि मला दिसलं, की जिरं दमलंय. चेंडू सुटला मात्र, जिऱ्याचा पाय घसरला, हळद आणि जिऱ्यामध्ये वीतभर फट पडली आणि समोरचा म्हशीच्या खांद्याचा एक जण त्या फटीत घुसायला निघाला.

"हात धर!" मी ओरडले.

विचार करून ओरडले असं नाही. तो चार वर्षांचा असताना ट्रामच्या रुळांपाशी ज्या आवाजात ओरडायचे, तो आवाज आपसूक आला. समोरच्या संघाचे आईबापसुद्धा वळून बघायला लागले. आणि माझ्या पोराचा डावा हात, इकडे तिकडे न बघता, सरळ बाजूला गेला आणि त्याने जिऱ्याचा हात घट्ट धरला. फट बुजली. आमचा चेंडूवाला त्यांच्या मागून रेषेपलीकडे जाऊन पडला.

काय जल्लोष झाला म्हणता! मी एका अनोळखी बाईला मिठी मारली. मग मैदानात पिवळा रुमाल पडलेला दिसला. पंचाने माइकवर सांगितलं, सेंटरने हात धरला, पाच यार्ड मागे, प्रयत्न पुन्हा. सहा यार्डांवर साखळीचा काही उपयोग नसतो. त्यांनी चेंडू लांब फेकला, तो कुणाच्याच हातात आला नाही आणि सामना संपला.

हातातोंडाशी आलेला घास मी घालवला होता. नवऱ्याने नियमाचा पान क्रमांक सांगितला नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तो काही सांगायचा राहिला.

मैदानातून बाहेर येताना ट्रेनरने सगळ्यांसमोर माझ्या मुलाला विचारलं, हात का धरलास? तो खाली बघून म्हणाला, "माहीत नाही." मी चार पावलांवर उभी होते. त्याने माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. मला इतकी लाज वाटली, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी पुढे झाले आणि माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये, ती लाजेने नेहमी आणखी तोडकी होते, ट्रेनरला सांगितलं की चूक माझी, मी ओरडले.

"चार वर्षं मी बाजूला उभा राहून ह्याच्यावर ओरडतोय," ट्रेनर म्हणाला. "ह्याला मैदानात काही ऐकू येत नाही. एकदाही आलं नाही."

मग आम्ही तिघं ट्रामच्या थांब्याकडे निघालो. मुलगा लंगडत होता, खांद्यावर बॅग, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. मी तोंड घट्ट मिटून चालत होते. आता काही म्हणून बोलायचं नाही, असं मी सांगलीच्या गणपतीची शपथ घेऊन ठरवलं होतं. रुळांपाशी सिग्नल लाल होता. रस्ता मोकळा होता, पण आम्ही थांबलो.

सिग्नल हिरवा झाला. मुलगा हलला नाही. त्याने डावा हात माझ्यापुढे केला, तोच, चिखलाने माखलेला.

"धर," तो म्हणाला. मराठीत.

मी नवऱ्याकडे बघितलं.

"इथे परवानगी आहे," नवरा म्हणाला आणि त्याने माझा दुसरा हात धरला.

मग मला रडू आलं. मी तिथेच उभी राहून चांगली रडले, हात दोन्ही अडकलेले म्हणून डोळे पुसता येईनात. तेवढ्यात सिग्नल पुन्हा लाल झाला, आणि आम्ही तिघं तसेच पुढच्या हिरव्यासाठी थांबलो.