पूर्ण पत्ता

सुधाकर गेला त्या सकाळी फोन वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, भावाने केला. "भैया, जीजाजी गेले... चहा पिता पिता," एवढंच बोलला. रांझीतल्या त्याच्या क्वार्टरवर पोचलो तेव्हा त्याच्या फॅक्टरीतली माणसं अंगणात उभी राहून तो किती मनमिळाऊ होता हे एकमेकांना सांगत होती. हीच माणसं सात वर्षं त्याच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत आली, लहान मुलाशी बोलावं तशी. मला संताप आला, पण बोलायचा हक्क माझा त्यांच्याहूनही कमी होता. का, ते आज वहिनींची परवानगी घेऊन लिहितो आहे. सुधाकर हे त्याचं खरं नाव नाही, खुणाही थोड्या बदलल्या आहेत. उशिरा का होईना, एवढं शिकलो.

आम्ही दोघं घमापुरात वाढलो. तो फॅक्टरीत लेथवर लागला, मी पोस्टात पत्रं पत्त्यांप्रमाणे लावायला. अपुरा पत्ता मला आयुष्यात कधी सहन झाला नाही, आणि त्यावरून तो मला फार चिडवायचा. मग एका वर्षी त्याची झोप उडाली. घरी निघालेला माणूस मशीन बंद केली की नाही या धास्तीने चार-चार वेळा सायकल वळवून गेटपर्यंत जायचा. शेवटी स्वतःच्या पायाने मझौलीच्या रस्त्यावरच्या एका मानसोपचार केंद्रात भरती झाला, दोन महिन्यांसाठी. जाण्याआधी म्हणाला, "लोकांना नागपूरला ट्रेनिंग आहे म्हणून सांगून राहिलो. खरं फक्त तुले सांगतो. तू कोणाचं पत्र फोडत नाहीस ना..."

पंधरा दिवसांनी मी संत्री घेऊन त्या केंद्रावर गेलो. दारावरच्या दीदींनी वहीत पाहिलंसुद्धा नाही. "भैया, यहाँ कौन है, कौन नहीं, हम किसी को नहीं बताते." मी जुना मित्र असल्याचं सांगितलं, चिडलो, पोस्टाचं ओळखपत्र काढलं. त्या म्हणाल्या, "नाम छोड़ जाइए. कोई होगा और चाहेगा, तो ख़बर करेगा." मला तो अपमान वाटला. त्यांना मनातल्या मनात शिव्या देत बसमध्ये बसलो, आणि आपल्या मित्रासाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे, असं ठरवून टाकलं.

आमच्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की आजारी माणसांच्या चिठ्ठ्या वाचतात आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी मैत्रीभावना करतात, डोळे मिटून त्यांचं भलं चिंततात. चांगलीच पद्धत आहे. माझ्या आईच्या आजारपणात तिची चिठ्ठी ऐकून कितीतरी माणसं दारात आली होती. मी चिठ्ठी लिहिली. नुसतं नाव लिहून भागलं असतं, पण माझा हात सवयीचा. नाव, क्वार्टर नंबर, केंद्राचं नाव, रस्ता, आणि कशासाठी भरती आहे तेही लिहिलं. सचिवांनी खणखणीत आवाजात वाचली. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. फार बरं वाटलं मला.

विहारात येणारी निम्मी माणसं फॅक्टरीतलीच; सोमवारी फॅक्टरीभर बोभाटा झाला. त्या आठवड्यात फळं घेऊन माणसं केंद्रावर गेली आणि दीदींनी एकूण एक माघारी पाठवली. पण आता दार लावून काय उपयोग होता? सुधाकर बरा होऊन परतला, तेव्हा साहेबांनी त्याला लेथवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. "मशीनवर रिस्क नको." मिलीमीटरचा शंभरावा भाग बोटांनी ओळखणारा माणूस दिवसभर हातमोजे वाटू लागला. शेजारणींनी त्याच्याकडे गणित शिकायला आपली मुलं पाठवणं हळूच बंद केलं. मी माफी मागायला गेलो. तो म्हणाला, "त्या बाईचं माह्याशी काही नातं नव्हतं, तिनं नाही सांगितलं. तू काहून सांगितलंस बे?" मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठीच. "हो, पूर्ण पत्त्यानिशी," म्हणाला, आणि चहा पुढे केला. येणं-जाणं नंतरही राहिलं. पण मनातलं त्याने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तो पुन्हा झोपेनासा झाला. वहिनींनी हातापाया पडून विनवलं, पण तो केंद्रात गेला नाही. "तिथं जायला काही नाही," त्यांना म्हणाला, "परत इथं यावं लागते." गोळ्या आणायचा, पण वरची खोकी दुकानापाशीच फाडून टाकायचा. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

तिसऱ्या दिवशी विहारात श्रद्धांजलीसाठी चिठ्ठी द्यायची होती. वहिनींनी त्याच्या चष्म्याच्या डबीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला. मागून अक्षरं दिसत होती. माझीच. रस्त्याच्या नावासकट. सचिवांकडून ती चिठ्ठी त्याने कधी मागून घेतली होती, कोण जाणे. सात वर्षं रोज चष्मा काढताना, घालताना ती त्याच्या हाताला लागत असणार...

मी पेन काढलं. वहिनी म्हणाल्या,

"भैया, या वेळेस फक्त नाव लिहा."