नावावरची पट्टी

मार्था आंटींचा फोन आला तेव्हा मी एका परीक्षकाला तिसरं स्मरणपत्र टाइप करत होते. "सर गेले गं, बाय..." एवढंच बोलल्या त्या. मी फोन ठेवला आणि काय केलं माहितीये? ते ईमेल पूर्ण करून पाठवून दिलं. खाली सरांचंच नाव होतं. नंतर पाच मिनिटांनी रडायला आलं आणि स्वतःची लाजही वाटली. आता दीड महिन्याने वाटतं, सरांनी पण तेच केलं असतं.

थांबा, आधी ग्रेगरी सर कोण ते सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी धावत सुटेन. ते प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वसई गावातल्या घराच्या पुढच्या खोलीतून किनारपट्टीवरच्या संशोधनाचं एक त्रैमासिक चालवायचे. मी चंदनसारची, एमएससी करून घरी बसलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मदतीला लागले. काम ऐकायला एकदम सोपं. आलेला लेख त्या विषयातल्या दोन जाणकारांना वाचायला पाठवायचा, त्यांची मतं मागवायची, मग छापायचा की नाही ते संपादक ठरवणार. अट एकच, लेख कोणाचा ते परीक्षकाला कळता कामा नये, आणि परीक्षक कोण ते लेखकाला. बाकी सगळं म्हणजे वाट बघणं. विद्वान माणसं किती उशीर करतात, बाप रे!

सर प्रत्येक लेखाची प्रिंट काढायचे आणि पहिल्या पानावर, लेखकाच्या नावावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायचे. मी पहिल्याच दिवशी हसले. "सर, तुम्हाला तर नाव माहितीये. मग झाकता कोणापासून?"

"माझ्यापासूनच," ते म्हणाले. "आणि गोंद फक्त दोन टोकांना लावायचा, बाय. मध्ये नाही. पट्टी निघताना नाव फाटलं नाही पाहिजे."

लेख स्वीकारला गेला की पट्टी काढायची आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. लेखक जवळपासचा असेल तर त्यालाच बोलवायचे, पट्टी त्याने काढायची. सरांच्या मिसेसचा, म्हणजे मार्था आंटींचा, चहा आणि केक ठरलेला.

आता माझी चूक. मी फास्ट आहे, मला त्याचा माजच होता. अर्नाळ्याच्या हर्षालीचा लेख आला, बोंबील वाळवताना बायका वारा आणि हवेतला खारटपणा कसा ओळखतात त्यावर. तिची पीएचडी त्या लेखावर अडली होती, तो छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता. मी दहा मिनिटांत नाव काढलं आणि पाठवला. आत एक फोटो होता, बांबूंवर बोंबील टाकणाऱ्या बाईचा. खाली लिहिलेलं, "माझी आई, अर्नाळा." ते मी बघितलंच नाही!

परीक्षकाने मात्र बघितलं. उत्तर आलं, "आईच्या गप्पांना संशोधन म्हणत नाहीत. नाकारावा."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे परीक्षकाला फोन लावला. "तुमचं मत मला वापरता येणार नाही. तुम्ही लेखाआधी आई वाचलीत. त्यात चूक आमची आहे." मग मला म्हणाले, सगळं पहिल्यापासून, दोन नवे परीक्षक. मी म्हटलं, "सर, दुसरं मत चांगलं आलं असतं तर भागलं असतं ना? कोणाला कळणार होतं?"

"कोणाला कळणार नाही, म्हणून तर आपल्याला नीट करायचंय."

हर्षालीला फोन मात्र मलाच करायला लावला. ती भडकलीच. "आनखी तीन महिने? चूक तुमची नि शिक्षा मला? माजी आय रोज इचारते, छापलं का गं, छापलं का!" मी सॉरी, सॉरी करत राहिले. सर बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "हं. आता तू नाव नीट झाकशील."

नव्यांपैकी एकाचं मत लवकर आलं, चांगलं होतं. दुसरा गप्प. तेवढ्यात सर हॉस्पिटलमध्ये. शेवटचं भेटले तेव्हाही, नळ्या लावलेल्या, पहिला प्रश्न तोच... "दुसऱ्याचं आलं?"

"नाही ना सर! आता चांगलं खडसावून लिहिते."

"रागाने नको लिहू. फुकट वाचतो बिचारा आपल्यासाठी."

म्हणून ते तिसरं स्मरणपत्र इतकं गोड होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चार पानांचं! शेवटी लिहिलं होतं, "वारा ओळखण्याची माहिती देणारी बाई कोण, लेखकाशी तिचं काही नातं आहे का, ते पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावं. नातं असणं हा दोष नाही, ते लपवू नये. छापावा." मी खुर्चीतून उडालेच. सरांच्या जागी आलेल्या मॅडमनी दोन्ही मतं वाचली आणि होकार दिला.

गेल्या रविवारी हर्षाली आली, आईला घेऊन. सुधारलेल्या लेखात वाक्य होतं, "ही माहिती मला माझ्या आईने दिली." सरांच्या टेबलावर त्यांची प्रिंट तशीच होती, पट्टीसकट. हर्षाली म्हणाली, "तू काढ, आये." आईने बोटं पदराला पुसली आणि हळूच, वाळलेला बोंबील बांबूवरून सोडवावा तशी पट्टी सोडवली. नाव अख्खं होतं. एक अक्षरही उचकटलं नव्हतं.

"कोनी चिकटवली ही?" तिने विचारलं. "हात चांगला त्याचा."

मार्था आंटी केक कापता कापता थांबल्या... आणि हसल्या.

पट्टी आम्ही कपाटाच्या दाराला आतून लावली, शेवटच्या ओळीत. खाली अजून खूप जागा आहे. सोमवारी नवीन लेख आला, मी प्रिंट काढली, खाकी कागद कापला, दोन टोकांना गोंद लावला. आणि आधी सगळे फोटो तपासले. दोनदा.