कोकराच्या डोळ्यांवरचा कागद

खळमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधायचं तर बरीच पायपीट करावी लागली असती. ताईची मुलं त्यांना मामा म्हणायची, हातात सदानकदा मैद्याच्या खळीची बादली असायची. दोन्ही मिळून ते सगळ्या रस्त्याचेच खळमामा झाले. सत्तावीस वर्षं त्यांनी शहरातल्या फलकांवर जाहिराती चिकटवल्या. आता बहुतेक ठिकाणी कापडी फलक आले होते, दोऱ्या ताणल्या की काम संपलं. पण कागदाचे चार-दोन जुने फलक अजून उरले होते, आणि त्यांच्यासाठी खळमामा उरले होते.

कागदी जाहिरात अख्खी येत नाही. सोळा तुकड्यांत येते, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा. आकड्याला आकडा लावत जायचं. मामांचा नियम ठरलेला होता: आकडा बघायचा, कड बघायची, कुठे फुगा राहिला तर तळव्याने दाबायचा. चित्राकडे बघायचं नाही. फार पूर्वी एका साबणाच्या जाहिरातीत सातव्या तुकड्यावर एका बाईचा खांदा आला होता, तो बघता बघता मामा शिडीवरून थेट बादलीत आले होते. तेव्हापासून ते म्हणत, "आपण भिंतीचे नोकर. मजकूर ज्याचा त्याने सांभाळावा." एकदा तर दारूची आणि दारूमुक्तीची जाहिरात त्यांनी एकाच दिवशी समोरासमोर लावली होती. खळही एकाच बादलीतली.

चौकातला फलक मात्र त्यांचा विशेष लाडका. तो त्यांच्या भाऊजींच्या दुकानाच्या छपरावर होता. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यांचं मटणाचं दुकान. पांढऱ्या फरशा, घासून घासून गुळगुळीत झालेला ओटा, सुऱ्या एका ओळीत. घर मागच्या बोळात. मागच्या दाराने दुकानात यायचं आणि मागच्याच दाराने जेवायला घरी जायचं. चौक ओलांडून पलीकडे जाण्याचं काम भाऊजींना वर्षातून एकदाही पडत नसे. मामांची शिडी दुकानातच असायची. खळीला गरम पाणी तिथलं, शिडी धरायला भाऊजी, आणि काम झालं की ओट्याशी उभ्याउभ्या चहा.

त्या दिवशीही सगळं तसंच झालं. सोळा तुकडे लागले, चहा झाला. निघताना भाऊजींनी पाव किलो कलेजी बांधून हातात ठेवली. "घे. चढून चढून पाय लटपटायला लागलेत तुझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बसने चौकात आले आणि सहज खिडकीतून वर बघितलं. दुकानाच्या छपरावर दुकानाएवढंच एक कोकरू बसलं होतं. प्राण्यांना मारू नका म्हणणाऱ्या कुठल्याशा संस्थेची जाहिरात. कोकराचे पाणीदार डोळे जरासे झुकलेले, म्हणजे नेमके भाऊजींच्या दारात येणाऱ्यावर रोखलेले. खाली हातभर उंचीची अक्षरं: 'आधी माझ्या डोळ्यांत बघा. मग जेवा.'

मामांना रात्रीची कलेजी आठवली. तीही पोटातून त्यांच्याकडे बघत असावी असं त्यांना वाटलं.

आता सांगून टाकावं, म्हणून ते दुकानात शिरले. भाऊजी खुशीत होते. "ये ये, वेळेवर आलास," म्हणत त्यांनी चहा पुढे केला. हातात कप असताना असलं काही कसं बोलायचं? चहा संपल्यावर बोलू, असं मामांनी ठरवलं. चहा संपला आणि ते उद्यावर गेलं. उद्या पुन्हा चहा होताच.

भाऊजींना सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. ताईची आणि मुलांची ये-जाही मागच्या बोळातूनच. शेजाऱ्यांना वाटे, स्वतःच्या डोक्यावर काय आहे हे माणसाला माहीत असणारच. उगाच कशाला विषय काढा? आणि ज्याच्या छपराखाली बसायचं ते छप्पर कुणाला दिसतं?

आठवड्याने भाऊजींनीच विषय काढला. "काय रे, गावात एकाएकी एवढी कुत्री कुठून आली?"

"कुत्री?"

"जो येतो तो म्हणतो, कुत्र्यासाठी द्या. त्या शाळेतल्या बाई, बारा वर्षांचं गिऱ्हाईक, त्या परवा मागच्या दाराने आल्या. म्हणे, कुत्र्यासाठी अर्धा किलो, पण कोवळं बघून द्या. मी म्हटलं, बाई, दात नाहीत का त्याला?"

मामा हसले. भाऊजी हसत नव्हते. ओल्या फडक्याने ते तोच स्वच्छ ओटा पुसत होते.

"गंमत सोड. लोक आत येताना मान खाली घालतात रे. काही तर दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. माझ्या दुकानात घाण दिसते का? खरं सांग. तुझी ताई म्हणते, अंगाला वास येत असेल. दोन दोन वेळा अंघोळ करतोय मी."

एक वाक्य पुरलं असतं. भाऊजी, घाण खाली नाही, वर मी काहीतरी चिकटवलंय. पण सात दिवसांचे सात चहा त्या वाक्याच्या आड येऊन बसले होते. मामा म्हणाले, "हवा बदललीय ना, त्यामुळे असेल," आणि कप विसळून ठेवला. असा तो त्यांनी आयुष्यात कधी विसळला नव्हता.

जाहिरात उतरवणं शक्य नव्हतं. महिनाभराची बोली होती आणि जाहिरात कंपनीचे साहेब फोटो काढून नेत. मामांनी खूप डोकं चालवलं. कोकरू असायला हरकत नाही. घोटाळा डोळ्यांचा आहे. डोळे म्हणजे सहा आणि सात नंबर. मुदत संपलेला फलक पांढरा करायला कंपनी कोरे कागद देते, ते त्यांच्याकडे होतेच. दहाव्या दिवशी दुपारी भाऊजी जेवायला गेल्यावर मामा चढले. जवळून डोळे असे नव्हतेच, नुसते काळे-करडे ठिपके. आकडे मोजून त्यांनी दोन कोरे कागद चिकटवले. एक फुगा राहू दिला नाही.

उतरल्यावर मात्र, कितीतरी वर्षांनी, ते आपलं काम बघायला मुद्दाम चौक ओलांडून गेले.

कोकराच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली दिसत होती. कापायला नेताना बांधावी तशी. खाली अक्षरं होतीच: 'आधी माझ्या डोळ्यांत बघा.'

"आई गं!" एक मुलगी म्हणाली.

"काय डोकं चालवतात हो हे जाहिरातवाले," एक गृहस्थ मोबाइल वर धरत म्हणाले. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. शाळेतल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. दुसऱ्या हातातल्या पिशवीत कुत्र्याचा अर्धा किलो होता.

जेवून परतलेले भाऊजी गलका ऐकून दुकानाच्या पुढच्या दारात आले. सगळा चौक आपल्या डोक्यावरून काहीतरी बघतोय हे त्यांना कळलं. पायांत दुकानातल्याच चपला, हातात फडकं. ते रस्ता ओलांडून मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि वळले. बराच वेळ वर बघत राहिले.

"कधीपासून आहे?"

"दहा दिवस."

"कुणी रे..." म्हणता म्हणता ते थांबले. मामांचे हात कोपरापर्यंत खळीने पांढरे होते. "म्हणजे शिडी मीच धरली होती."

आवाज चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

"भाऊजी, मी चित्र बघत नाही हो. तुम्हाला माहितीय, मी आपला आकडे..."

"ते पहिल्या दिवशीचं झालं. पुढचे दिवस? मी ओटा घासत होतो, आणि तू शेजारी उभा राहून चहा पीत होतास."

मामांनी बादलीकडे बघितलं. बादलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझा धंदा आहे, लाव. त्यांचं म्हणणं आहे, म्हणू देत. पण ते डोळ्यांवरचं काढ," भाऊजी म्हणाले. "मी रोज बघतो त्या डोळ्यांत. झाकून करायचं असतं तर फार सोपं झालं असतं मला."

गरम पाणी पुन्हा दुकानातूनच आलं. मामा चढले, कागद भिजवला आणि नखाने कड उचलून ओढला. डोळे पुन्हा उघडे झाले, उजव्याचा कोपरा तेवढा सोलून आला, तो काही केल्या बसेना. खाली शिडी भाऊजींनीच धरली होती, नेहमीसारखी घट्ट. मामांना वर कोकराकडे बघवेना आणि खाली भाऊजींकडे बघवेना. मग ते नाकासमोरच्या ठिपक्यांकडे बघत बसले.

रविवारी ताईकडे जेवण होतं. चुकवावं म्हणून मामांनी दोन सबबी केल्या, ताईने दोन्ही फोनवरच मोडून काढल्या. ताट आलं. मामा पोळीचाच तुकडा मोडत राहिले. मटणाच्या वाटीकडे हात जाईना.

"काय रे, सोडलंस की काय?" ताईने विचारलं.

"नाही गं. भूक नाही."

भाऊजींनी वाटीकडे बघितलं, मग मामांकडे. "बांधून दे गं त्याला," ते म्हणाले. "कुत्र्यासाठी."

मुलं खो खो हसली, ताई हसली, शेवटी भाऊजीही हसले; म्हणजे भांडण मिटलं होतं. मामाही हसले. कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या होत्या.

डबा घेऊन ते घरी आले. कुत्रा नव्हताच. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती. मामांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, कडेला फट राहिली होती ती तळव्याने दाबली, आणि उभ्याउभ्याच डबा उघडून खायला लागले.