पंगतीत समोर बसलेली

जळगावला आमच्या ओपीडीत ती मुलगी आली तेव्हा मला वाटलं, शाळेतली असेल. होती कॉलेजच्या वयाची. पोट पुढे आलेलं, हातपाय काडीसारखे, केस विरळ. लहानपणापासून जुलाब, आणि रक्त चढवलं तरी अंगी लागत नव्हतं. मी पोटाच्या विकारांवर संशोधन करते, त्यातही सीलिअ‍ॅकवर. या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं आतलं अस्तर झिजून जातं. आपल्याकडची माणसं भाकरी खाणारी, हा उत्तरेकडचा आजार, असं मी कितीतरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. मुलीच्या रक्तात आणि आतड्याच्या तुकड्यात तोच निघाला.

गहू कायमचा बंद, असं सांगितल्यावर वडिलांनी मुलीला बाहेर बाकावर बसायला पाठवलं. मग म्हणाले, "माझ्या दोन बहिणी अशाच वाळून गेल्या. गावात म्हणतात, आमच्या घराला काहीतरी लागलंय. पोरींनाच धरतं."

"आणखी कोणी बहीण?"

"थोरली आहे. ती वाचली."

आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून घरच्यांचे नमुने घ्यायला मी एरंडोलजवळच्या त्यांच्या गावी गेले. उन्हाळ्याची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. घरात शिरल्याशिरल्या भिंतीवर दोन तरुण मुलींचे फोटो दिसले. आमची पेशंट येऊन नेमकी त्यांच्याखाली उभी राहिली आणि मी पाण्याचा पेला तोंडाला लावायची विसरले. तिन्ही चेहरे एकच होते. तीच बसलेली गालफडं, तेच मोठाले डोळे. फोटोतल्या दोघींपैकी एक खाली उतरून उभी आहे असं क्षणभर वाटलं.

थोरली बहीण आतून आली. सगळे तिला अक्का म्हणत. साठी ओलांडलेली, पण हाडापेरानं दणकट. मी खाण्यापिण्याचं विचारू लागले.

"गहूनं काहीच खात नही मी," ती म्हणाली. "पोई नही, बट्टी नही."

"का अक्का?"

"बहीण खाऊ देत नही."

मुलीचे वडील उठून ओट्यावर गेले. अक्का शांतपणे सांगू लागली. लग्नानंतर तीही तशीच आजारी होती. धाकटी आधीच गेली होती. मधली गेली, आणि तिच्या दिवसांच्या जेवणाला वरण आणि गव्हाची बट्टी केली होती. अक्कानं बट्टीचा पहिला घास उचलला.

"समोरच बठेल व्हती ती. मान हालाई तिनी."

अक्कानं घास खाली ठेवला. त्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक जेवणाला मधली समोर येऊन बसते. ताटात भाकरी असली तर नुसती बघते. गव्हाचं काही असलं की मान हलवते. काही महिन्यांत अक्काचे जुलाब थांबले, अंग भरलं. पण सासरच्यांना बरी झालेली सून दिसली नाही. ताटासमोर बसून कोणाशी तरी बोलणारी बाई दिसली. त्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

ओट्यावरून मुलीचे वडील म्हणाले, "पोरगी लहान होती तेव्हापासून अक्का सांगत होती, हिला गहू देऊ नको. मला वाटलं, वेड आहे."

खुलासा मला माहीत होता. गव्हानं त्रास होतो हे शरीरानं ओळखलं असेल आणि दुःखानं त्याला बहिणीचा चेहरा दिला असेल. गाडीत बसल्यावर मी स्वतःला तेच समजावलं.

अक्काच्या रक्तात आजाराची खूण सापडली नाही. गहू सोडला की ती पुसली जाते. जनुक मात्र होतं. खात्री करायची तर तिला काही आठवडे गहू खावा लागला असता. पुन्हा जाऊन मी तिला ते नीट समजावलं. नाही म्हणायची मोकळीक आहे, हेही सांगितलं.

"तिले इचारीसन सांगसू," अक्का म्हणाली.

भाकरीचं ताट तिच्यापुढे होतं. तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दारातून लख्ख ऊन येत होतं. तिची नजर हलत नव्हती, कोणी बोलत असताना ऐकणाऱ्याची असते तशी. वळून बघायला काय हरकत होती? मी वळले नाही.

"नको म्हनस ती," अक्का म्हणाली आणि जेवू लागली.

माझ्या अभ्यासात अक्काची गणती रुग्णांत झाली नाही. मुलगी वर्षभरात बहरली. केस दाट झाले, पाळी सुरू झाली. आता ती धुळ्याला शिकते.

पण हल्ली त्या भागातल्या आया आपली खुरटलेली लेकरं घेऊन ओपीडीत येतात. कोणी पाठवलं विचारलं, की म्हणतात, एरंडोलकडच्या अक्कानं. बहुतेकांना जंत असतात, साधा अशक्तपणा असतो. काहींना मात्र तोच आजार निघतो. एकदा फोनवर मी विचारलं, "तुम्ही ओळखता कसं?"

"मी कोठे वयखस," अक्का म्हणाली. "ती दखाडस."

मधली दाखवते, असं तिचं म्हणणं. बाहेर बाकावर पुढचं लेकरू आईला टेकून बसलं होतं. रक्त तपासायला मी त्याला आत बोलावलं.