ट्रॉलीवर झोपणारा माणूस

आईच्या ऑपरेशनच्या सकाळी, परळच्या हॉस्पिटलात, मी त्यांना पेशंटच समजलो. साठीचे गृहस्थ रिकाम्या ट्रॉलीवर डोळे मिटून पडलेले, आणि वॉर्डबॉय त्यांना लिफ्टच्या दारातल्या फटीवरून पुन्हापुन्हा आतबाहेर नेतोय. मग ते टुणकन उतरले आणि चाकात अंगठ्याचं नख रुतवून बघू लागले. ट्रॉलीची पॉलियुरेथेनची, रबरासारखी चाकं ते घोडपदेवच्या गाळ्यात ओतायचे.

"झोपून काय कळतं हो?" मी विचारलं.

"सगळं कळतं, दादा. चाकाच्या मटेरियलमध्ये रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. त्या एकमेकींना फार ठिकाणी जोडल्या गेल्या, तर चाक कडक होतं, दणका थेट पेशंटला. कमी जोडल्या गेल्या, तर वजनाखाली चपटं होऊन बसतं. मशीन कडकपणाचा आकडा देतं. पण ऑपरेशन झालेली पाठ माझीय ना!"

तासाभराने आईला त्याच ट्रॉलीवर घेतलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून चादर ओढली तरी ती कळवळायची. लिफ्टची फट जवळ आली तसे मीच दात आवळले. चाकं आत गेली, दार बंद झालं.

आईनं डोळे उघडले. "अरे, निघायचं कधी?"