‘गेला’ म्हणजे नक्की काय

‘गेला’ या शब्दाचा मला आजही राग येतो. बल्ब गेला, पाहुणा गेला, मेल गेला. आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुन्नरला एका शिक्षणसंस्थेचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. शाळांचे मेल आमच्या सर्व्हरवर रांगेत थांबत आणि फोनची लाइन लागली की पुण्याच्या मुख्य कार्यालयात जात. आठ दिवसांच्या रजेवरून आलो तर हार्डडिस्क कटकट वाजत होती आणि रांग जागची हलली नव्हती. शिपायानं ऑफिसच्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “सर्व्हर गेलाय.” साहेबांनी साधा फोनसुद्धा मला केला नाही.

त्याच सकाळी तळेघरच्या शाळेतल्या बाई आल्या. एसटी चुकल्यामुळे काही वाट त्या पायीच आल्या होत्या. त्यांची आई आणे गावात अंथरुणाला खिळलेली. तिकडच्या शाळेत बदली मिळावी म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी आमच्या ऑफिसातूनच अर्ज मेल केला होता. मुदत कालच संपली होती.

“साहेब, माझा अर्ज गेला ना?”

“गेला की! कवाच गेला,” पेपरातून डोकं वर न काढता साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पडद्यावरचं बटण दाबलं की यांच्या लेखी मेल गेला! मी रांग उघडून दाखवली. अर्ज तिथंच पडून होता.

“मग ते तुंबलेलं समदं पुसून टाका, राव. नव्या मशीनवर कोरं चालू करा. जुन्या तारखा पुण्याला दिसाया नकोत.”

त्या तारखा हाच तर बाईंचा पुरावा होता! “पुसणार नाही,” मी तोंडावर सांगितलं. मरायला टेकलेल्या डिस्कवरून एकेक मेल नव्या मशीनवर उतरवला. रांगेत पाच दिवसांहून जास्त अडकलेला मेल सर्व्हर आपणहून परत पाठवतो. ती मुदत आधी महिनाभराची केली आणि मगच रांग सोडली. बाई बाकावर बसून होत्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

दुपारी पुण्याहून फोन आला, “तारीख मुदतीतली आहे. अर्ज धरलाय.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेब खुर्चीत रेलले. “सांगितलं व्हतं ना तुमाला, गेला म्हणून?”

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला.

“अर्ज आज गेला, बाई. आठ दिवसांपूर्वी गेला होता तो सर्व्हर.”